रंग, माती आणि पाषाण

अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मधील पद्मपाणी मी जलरंगात रंगविला, तर क्र. २६ मधील महापरिनिर्वाण शाडूत घडविले. मूळ चित्रकाराने मातीच्या सुकलेल्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन रंग भरले. नाकावरचा उजेड त्याला वरून देता आला. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद; तो आधीच ठरवावा लागतो. शाडूत पापणी पुन्हा लिंपता येते. सुमारे सात मीटर लांबीची शयनमूर्ती कोरणाऱ्याला ही सवलत कुठली? बेसाल्टची उडालेली कपची परत बसत नाही. खाली बसलेल्या शिष्यांचा शोक चटकन कळतो. निद्रा आणि निर्वाण यांतील भेद मात्र शिल्पकाराने पापण्यांत नव्हे, ओठांच्या कडांत राखला असावा, असे शाडूवर बोट फिरविताना वाटले. मी अजून तिथेच थांबलो आहे.