पिलाचा पहिला प्रवास

महाभारताच्या अखेरीस येणारा एक प्रसंग तुम्ही ऐकला असेल. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत गळून पडले होते. धर्मराज एकटाच हिमालयाची वाट चालत होता आणि त्याच्या मागून एक कुत्रे येत होते. इतक्यात इंद्र रथ घेऊन आला व त्याने धर्मराजाला रथात बसण्यास सांगितले. परंतु कुत्र्याला मात्र त्यात जागा नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवून इथवर आलेल्या प्राण्याला टाकून मी स्वर्गातही येणार नाही, असे धर्मराजाने निक्षून सांगितले.

मुक्या सोबत्याला मागे टाकू नये, हे आपण या कथेवरून शिकतो. परंतु त्याला वाहनात घेतले म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? वाहनात बसल्यावर त्याला भय वाटू नये, त्याच्या जिवाला अपाय होऊ नये, हेही आपणच पाहिले पाहिजे. त्यासाठी केवळ माया पुरत नाही. मायेच्या जोडीला ज्ञान लागते.

अशी कल्पना करा, की मे महिन्याच्या सुटीत पुण्याचे एक कुटुंब मोटारीने चिपळूणला आजोळी निघणार आहे. वाट दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. पाटण, कोयनानगर मागे टाकले की कुंभार्ली घाटाची वळणे लागतात. घरात चार महिन्यांचे कुत्र्याचे पिलू आहे. त्याने मोटार पाहिली आहे ती केवळ बाहेरून. त्याला न्यायचे कसे?

मोटारीत आपल्याला खिडकीबाहेर झाडे मागे पळताना दिसतात आणि मौज वाटते. पिलाची स्थिती निराळी असते. पायांखालची जमीन हलते, यंत्राची घरघर ऐकू येते, पेट्रोलचा वास येतो. आणि कुत्र्याचे नाक तर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण! शिवाय शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आतल्या भागात असते. लहान पिलांत ते पुरते परिपक्व झालेले नसते. म्हणून मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिलांना गाडी अधिक लागते. तोंडातून लाळ गळणे, वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, कण्हणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. ती ओळखता आली, तर ओकारी होण्यापूर्वीच गाडी थांबवता येते. पिलू वाढू लागले, की बहुधा हा त्रास कमी होतो. म्हणून त्याच्यावर रागावणे हा अन्याय आहे. ते खोडी करीत नसते, त्याला पीडा होत असते.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे उपयोगी पडते. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पिलाला मोटारीची सवय करावी. पहिले काही दिवस गाडी उभीच ठेवावी, दारे उघडी असावीत आणि पिलाला आत बसवून त्याचा आवडता घास द्यावा. ते निर्भयपणे बसू लागले, की यंत्र सुरू करावे, पण गाडी हलवू नये. त्यानंतर घराभोवती एक फेरी मारावी. पुढे दहा मिनिटे, मग अर्धा तास, असा वेळ वाढवावा. फेरीच्या शेवटी त्याला एखाद्या मोकळ्या जागी खेळू द्यावे. असे केले, म्हणजे गाडीत बसल्यावर काहीतरी चांगले घडते, असे त्याच्या मनात ठसते. ज्या पायरीवर ते घाबरेल, तेथून एक पायरी मागे यावे. 'अति घाई संकटात नेई' ही रस्त्याकडेची पाटी गाडी हाकणाऱ्यासाठी लिहिलेली असली, तरी पिलू शिकवणाऱ्यानेही ती ध्यानात ठेवावी.

गाडीत पिलाची जागा कोणती? मांडीवर घ्यावे असा मोह प्रत्येकाला होतो. परंतु गाडी एकाएकी थांबली, तर हातातले पिलू दूर फेकले जाते. पुढच्या बैठकीवर तर त्याला मुळीच बसवू नये, कारण अपघातात उघडणाऱ्या एअरबॅगचा तडाखा त्या लहान जिवाला सोसणारा नसतो. मागच्या बैठकीवर, हवा खेळती राहील असा पिंजरा पक्का बांधून ठेवणे उत्तम. पिलाला त्यात उभे राहता व वळता आले पाहिजे. पिंजरा नसेल, तर छातीभोवती बसणारा पट्टा त्याला घालून तो बैठकीच्या पट्ट्याला अडकवावा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नये, कारण हिसका बसताच गळ्याला इजा होते. खाली त्याचे घरातले जुने अंथरूण घालावे. ओळखीचा वास त्याला धीर देतो.

निघण्यापूर्वी पशुवैद्यांची भेट अवश्य घ्यावी. प्रवासात अनोळखी जागा लागतात आणि अनोळखी कुत्रीही भेटतात. पार्व्हो नावाच्या घातक रोगाचे विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात व कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून ज्या पिलाच्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत, त्याला वाटेतल्या थांब्यावर जमिनीवर सोडू नये. पिसाळीचा रोग तर माणसालाही होतो आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे, पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली या रोगावरील लस प्रथम टोचण्यात आली आणि तो मुलगा वाचला. आज ही लस आपल्या पिलालाही मिळते. ती न देणे हा केवळ आळस होय. लसीची नोंदवही सोबत घ्यावी. गाडी लागू नये म्हणून माणसांच्या गोळ्या पिलाला आपल्या मनाने कधीही देऊ नयेत.

प्रवासाच्या दिवशी पहाटे निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी बरीच वाट सरते. पिलाला निघण्यापूर्वी तीन-चार तास काही खाऊ घालू नये. पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. सुमारे दर दोन तासांनी गाडी थांबवावी. दार उघडण्यापूर्वी दोरी हातात घट्ट धरलेली असावी, कारण घाबरलेले पिलू क्षणार्धात रस्त्यावर धावते. घाटात वेग कमी ठेवावा. खिडकीतून डोके बाहेर काढू देऊ नये. धूळ व खडे डोळ्यांत जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याला उकडले, की सर्वांगाला घाम येतो व शरीर थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. उष्णता बाहेर टाकण्यासाठी ते जीभ बाहेर काढून धापा टाकते; पण भोवतालची हवाच तापली, तर या धापा निरुपयोगी ठरतात. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत सुमारे ४० अंशांपर्यंत पोहोचते आणि अर्ध्या तासात ५० अंशांच्या जवळ जाते. काच चार बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मंडळी चहा घेऊन परत येईपर्यंत पिलाचे प्राण जाऊ शकतात! म्हणून प्रत्येक थांब्यावर कोणीतरी एकाने पिलाजवळ, गाडीबाहेर सावलीत थांबावे. ते जोराने धापू लागले, लाळ घट्ट झाली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे.

प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयाचा आग्रह धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे १९७६ पासून संविधानात नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणूनही सांगितले आहे.

कधी पिलू आजारी असते, कधी ऊन फार कडक असते. अशा वेळी त्याला विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवणे हीच खरी माया. त्याला सोबत नेण्यात आपल्याला आनंद होतो, हे खरे. परंतु निर्णय करताना त्याच्या सुखाचा विचार आधी करावा. पिलाला आपली अडचण शब्दांत सांगता येत नाही. ती न सांगता ओळखणारा माणूसच त्याच्या विश्वासाला पात्र ठरतो.

स्वाध्याय

१. पिलांना मोठ्या कुत्र्यांपेक्षा गाडी अधिक का लागते?
२. पिलाला गाडीची सवय करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
३. बंद गाडीत पिलाला ठेवणे का धोक्याचे आहे, ते कारणांसह सांगा.
४. 'मायेच्या जोडीला ज्ञान लागते' या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. वाक्यात उपयोग करा : निक्षून सांगणे, मनात ठसणे, विश्वासाला पात्र ठरणे.