आधी कोड अडू दे

चि. मुक्ता हिस,


डिझाइन पॅटर्नच्या तेवीसच्या तेवीस व्याख्या तू वहीत उतरवून पाठ करते आहेस, असं दादा फोनवर सांगत होता. मेहनतीचं कौतुक आहेच, पण ती वही थोडे दिवस मिटून ठेव.

हे तेवीस पॅटर्न ज्या पुस्तकातले, ते १९९४ सालचं. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांनी त्यातली उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमध्ये दिली आहेत. पॅटर्नची मूळ कल्पना मात्र ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराची. त्याच्या १९७७च्या ग्रंथात घर-गावाचे २५३ पॅटर्न आहेत. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा, हा त्यातलाच एक. एकाच बाजूच्या उजेडात माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणून तो सुचला. आधी अडचण, मग तोडगा, हा क्रम तू उलटा करू नकोस.

दुकानाचं बिल करणारा कोड लिही. सणाची सवलत, जुन्या गिऱ्हाइकाची सवलत, घाऊक खरेदीची सवलत, सगळं एकाच फंक्शनमध्ये इफ-एल्स लावून कोंब. मग चौथी सवलत घाल आणि पहिली बिघडते का बघ. बिघडली की जावात सवलतीचा एक इंटरफेस कर आणि प्रत्येक सवलतीला तिचा क्लास दे. हा झाला स्ट्रॅटेजी पॅटर्न. आता हेच पायथनमध्ये लिही. तिथे फंक्शन सरळ हातात घेऊन दुसऱ्या फंक्शनला देता येतं, त्यामुळे क्लास गळून पडतात आणि चार छोटी फंक्शनं उरतात. जावातही २०१४मध्ये आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले आणि हा पसारा बराच आवरला. इटरेटर या पॅटर्नचं तर पायथनच्या साध्या फॉर लूपमध्ये रोज काम चालतं, नावही घ्यावं लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विगने १९९६मध्येच दाखवलं होतं, की लिस्प आणि डायलनसारख्या भाषांत तेवीसपैकी सोळा पॅटर्न एकतर सोपे होतात नाहीतर दिसेनासे होतात. म्हणून एकच पॅटर्न दोन भाषांत लिहून पाहा. अडचण कुठली आणि भाषेची उणीव कुठली, हे तेव्हाच वेगळं कळतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सिंगलटन, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच ऑब्जेक्ट देणारा पॅटर्न, शिकले आणि सगळ्या सेटिंग त्यात नेऊन ठेवल्या. टेस्ट एकेकट्या चालवल्या की पास, एकत्र चालवल्या की फेल. तीन दिवस शोधत होते. एक टेस्ट त्या एकुलत्या ऑब्जेक्टमधली किंमत बदलून जायची आणि पुढचीला ती उष्टी मिळायची. मला नाव येत होतं, गरज होती की नाही हे मी विचारलंच नव्हतं. पायथनमध्ये तर साधं मॉड्यूल एकदाच लोड होतं, त्यामुळे वेगळा सिंगलटन सहसा लागतही नाही. पण त्यातही बदलणारी किंमत ठेवलीस तर हाच त्रास होईल, एवढं ध्यानात ठेव.

गणपतीला येशील तेव्हा तो बिलाचा कोड दोन्ही भाषांत घेऊन ये. इफ-एल्सची पहिली प्रत पुसू नकोस, मला तीच आधी बघायची आहे.

तुझी,
आत्या