नाकाखालचा बिंदू आणि मूर्च्छा

वालीवच्या उन्हात प्रार्थनेच्या रांगेत उभा असलेला एखादा मुलगा भोवळ येऊन पडला, म्हणजे भोवती गर्दी जमते. कोणी कांदा फोडून आणतो, कोणी वहाण नाकाशी धरतो. चीन देशात अशा वेळी काय करतात, ते प्रथम पाहू.

नाक व वरचा ओठ यांच्यामध्ये जी उभी पन्हळ आहे, तेथील बिंदूस चिनी वैद्य ‘रेनचोंग’, म्हणजे मनुष्यमध्य, म्हणतात. नाक आकाशातील वायू घेते, मुख भूमीचे अन्न घेते आणि या दोहोंमध्ये मनुष्य, अशी या नावाची जुनी उपपत्ती आहे. कण्यावरून मस्तकाकडे जाऊन ओठाशी उतरणाऱ्या वाहिनीच्या २८ बिंदूंपैकी हा २६ वा होय. मूर्च्छितास शुद्धीवर आणण्यासाठी येथे सुई टोचतात. सुई नसल्यास अंगठ्याचे नख दाबतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी १९५९ साली ही सूचिविद्या भारतात आणली.

मग मुलगा शुद्धीवर येतो तो कशाने? साध्या भोवळीत रक्तदाब उतरून मेंदूस रक्त कमी पोचते. मनुष्य आडवा होताच ते पुन्हा पोचू लागते व बहुधा एक-दोन मिनिटांत तो आपोआप सावध होतो. श्रेय मात्र कांद्यास, वहाणेस किंवा नखास मिळते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडावी, तसेच हे.

यास्तव विद्यार्थ्यांनी व पालकांनी इतके ध्यानी ठेवावे. पडलेल्यास उठवून बसवू नये. उताणे निजवून पाय उंच करावेत, कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. अपस्माराचे झटके असल्यास तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटके थांबताच कुशीवर वळवावे. झटके पाच मिनिटांहून अधिक चालल्यास १०८ क्रमांकास कळवावे. श्वास चालत नसल्यास तेथेच कळवून तत्काळ छाती दाबण्यास आरंभ करावा.

परदेशीय विद्येचा आदर करावा, घरच्या रूढीचाही उपहास करू नये. परंतु संकटसमयी पडलेल्याचे पाय आधी उचलावेत, कांदा मागाहून शोधावा.