लाईट गेली की आपला लॅपटॉप का बंद पडतो?



आपल्या शाळेत एकच लॅपटॉप आहे. तो आपल्या आई-वडिलांनी लोकवर्गणी काढून घेतलेला आहे. आता तो जुना झाला. तरी कविता, पाढे, नकाशे आपण त्याच्यावरच पाहतो. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचे व्हिडिओही त्याच्यावरच लागतात. हे कोड पुस्तकात आणण्याचे काम आपल्याच सोलापूर जिल्ह्यात सुरू झाले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते केले. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

मागच्या पालकसभेत लॅपटॉप मी चालवत होते. सकाळपासून लाईट ये-जा करत होती, म्हणून बॅटरी ४६ टक्केच भरली होती. व्हिडिओ रंगात आला आणि लाईट गेली. प्रोजेक्टर थांबला. सगळे जण लॅपटॉपभोवती गोळा झाले. चार मिनिटेसुद्धा झाली नसतील, तोच स्क्रीन फट्कन काळी! मागून कोणीतरी म्हणाले, "पोरीनं कायतरी दाबलं बगा." एक काका म्हणाले, "द्या आता भंगारात." मला लई वाईट वाटले. मी काहीच दाबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "रडू नकोस. आधी तपासायचे, मग बोलायचे." म्हणून आम्ही चौथीच्या मुलांनी गुरुजींबरोबर पुढील प्रयोग केले.

साहित्य : लॅपटॉप, चार्जर, घड्याळ, मऊ ब्रश, कोरडे फडके, पाटी.

प्रयोग १ ला. चार्जर लावून लॅपटॉप दोन तास चालवला. तो एकदाही बंद पडला नाही.
अनुमान : यंत्र चांगले आहे. चार्जरही चांगला आहे.

प्रयोग २ रा. गरम झाल्यानेही लॅपटॉप बंद पडतो. टेबलावर चादर असली की खालची हवेची जाळी बुजते. आम्ही चादर काढली. लॅपटॉप बंद करून जाळीतली धूळ ब्रशने झाडली. मग बॅटरीवर पुन्हा व्हिडिओ लावला. हवा कोमटच येत होती, तरी तो बंद पडलाच.
अनुमान : दोष उष्णतेचा नाही.

प्रयोग ३ रा. गुरुजींनी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि खालची बॅटरी सोडवली. तिच्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या. मग बॅटरी पाटीवर ठेवून पाहिली. बॅटरी फुगली असेल तर ती पाटीवर डुलते. आपली डुलली नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा बसवायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ती पेट घेऊ शकते.

प्रयोग ४ था. बॅटरी पूर्ण भरली. मग चार्जर काढून, स्क्रीनचा उजेड कमी करून नुसता धडा उघडून ठेवला. अर्धा तास चालला. पुन्हा पूर्ण भरून, उजेड वाढवून व्हिडिओ लावला. आता तो नऊ मिनिटांतच बंद पडला, आणि तेव्हाही बॅटरी ५० टक्क्यांच्या वर दाखवत होती!
अनुमान : काम हलके असले तर बॅटरी चालते. काम जड झाले की ती दम सोडते.

प्रयोग ५ वा. लॅपटॉपमध्ये बॅटरीचा अहवाल निघतो. गुरुजींनी तो काढला. नवी असताना बॅटरीत ४८ वॅट-तास वीज मावत होती. आता पूर्ण भरली तरी १८ च मावते. दोन्ही संख्यांना ६ ने भागा. म्हणजे आठ घागरींचा रांजण होता, आता त्यात तीनच घागरी मावतात. रांजण भरला की आपण "भरला" म्हणतो. टक्के तेच सांगतात. रांजण केवढा उरला, ते टक्के सांगत नाहीत.

मग टक्के शिल्लक असताना बंद का पडतो? गुरुजींनी बोअरच्या पाइपाचे उदाहरण दिले. जुन्या पाइपात आतून क्षार बसतात. हळू पाणी घेतले तर येते, धो धो मागितले तर येत नाही. जुन्या बॅटरीतून वीज बाहेर पडायला आतूनच अडथळा होतो. व्हिडिओ जास्त वीज मागतो, तेव्हा बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, एकदम खाली येतो. मग बॅटरीतील रक्षक यंत्रणा वीज तोडते. टक्क्यांचा आकडा हा अंदाज असतो. जुन्या बॅटरीत तो चुकतो.

बॅटरी म्हातारी का झाली? ही लिथियम-आयन जातीची बॅटरी आहे. ती पहिल्यांदा १९९१ साली जपानमध्ये विक्रीस आली. तिच्या शोधाबद्दल २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते. ही बॅटरी भरून-रिकामी करून झिजते, तशी उष्णतेनेही झिजते. सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. पारा चाळीसच्या वर जातो. आपण दर मे महिन्यात लॅपटॉप पूर्ण भरून लोखंडी कपाटात ठेवत होतो, आणि वर पत्रा! ही चूक एकट्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

आता काय करायचे?

१. नवी बॅटरी येईपर्यंत महत्त्वाचे काम चार्जर लावूनच करावे, आणि घडीघडीला सेव्ह करावे.
२. लाईट गेली तर लगेच उजेड कमी करावा, व्हिडिओ थांबवावा आणि लॅपटॉप नीट बंद करावा.
३. नवी बॅटरी त्याच नमुन्याची, तेवढ्याच व्होल्टची घ्यावी. नव्या लॅपटॉपपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.
४. सुट्टीत बॅटरी निम्मी भरून सावलीत, थंड जागी ठेवावी.
५. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. ती दुकानातच परत द्यावी.
६. बॅटरी मुलांनी एकट्याने काढू नये.

घरी मी हे सगळे आज्जीला सांगितले. ती म्हणाली, "माज्या गुडघ्यागत झालंय की त्याचं. बसल्या जागी बरं, जिना आला की संपलं." आज्जीला बरोबर समजले.

तर पालकहो, आपली वर्गणी वाया गेलेली नाही. लॅपटॉप भंगार झालेला नाही, फक्त त्याची बॅटरी थकली आहे. आणि पुन्हा कधी स्क्रीन काळी झाली, तर जो चालवत असेल त्याला आधीच बोलू नका. आधी तपासा.

सांगा पाहू : एका बॅटरीत नवी असताना ४८ वॅट-तास वीज मावत होती, आता ३६ मावते. ती किती उरली? पाव, निम्मी की पाऊण? उत्तर उद्या परिपाठाला सांगा.

— इयत्ता चौथी