सांगणारे दहा, माहिती एकच!

तुमच्या मुदत ठेवीची मुदत संपली आहे. शेजारच्या काकू सांगतात, "अमक्या योजनेत पाच वर्षांत पैसे दुप्पट होतात." ऑफिसमधला मित्र तेच सांगतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही तेच. एवढे लोक सांगतात म्हणजे खरेच असणार, असे आपल्याला वाटते. शिवाय जास्त व्याज आपल्याला हवेच असते.

अशा वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "तुम्हाला हे कोणी सांगितले?" पुष्कळदा सगळ्यांचे बोट एकाच एजंटकडे जाते. मग ती दहा मते नसतात. एकच मत दहा तोंडांतून ऐकलेले असते. एजंटला कमिशन मिळते, यात गैर काही नाही. पण तो फायद्याची बाजू आधी सांगणार. दुसरी बाजू आपणच शोधायची.

पैसे देण्यापूर्वी या चार गोष्टी करा:

1. हिशेब करा. 72 ला वर्षांच्या संख्येने भागा. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 14 टक्क्यांहून जास्त परतावा. तुमची बँक किती देते? एवढा फरक कशामुळे, हे विचारा.

2. कागद वाचा. ही ठेव आहे, विमा आहे की म्युच्युअल फंड? बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. बँकेच्या शाखेत घेतलेली विमा पॉलिसी किंवा म्युच्युअल फंड ही बँकेतील ठेव नव्हे.

3. नोंदणी तपासा. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर रिझर्व्ह बँक, म्युच्युअल फंड असेल तर सेबी, विमा असेल तर आयआरडीएआय. ठेवी गोळा करणाऱ्या संस्थेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पाहता येते.

4. बाहेर पडलेल्याला विचारा. ज्याने मध्येच पैसे काढले, त्याला किती मिळाले? किती कापले गेले? ज्याचा यात काही फायदा नाही, अशा जाणकाराचेही मत घ्या.

"आजच शेवटचा दिवस" असे कोणी म्हणाले, तर घाई करू नका. चार दिवस चौकशी केल्याने फार तर चार दिवसांचे व्याज जाईल. चौकशी न केल्यास मुद्दलच जाऊ शकते.

लक्षात ठेवा: किती जणांनी सांगितले हे मोजू नका, किती ठिकाणी तपासले ते मोजा.