आरियानचा धागा

पेपरात 'एरियन' म्हणून छापून येणारं रॉकेट तुम्हाला माहीत असेलच. आपला 'ॲपल' उपग्रह १९ जून १९८१ रोजी याच मालिकेतल्या रॉकेटने फ्रेंच गयानातल्या कुरूहून वर गेला, नंतर इन्सॅटही गेले. पण 'एरियन' म्हणजे काय? तर ते चक्क मुलीचं नाव आहे! फ्रेंच उच्चार साधारण 'आरियान'. (वर्गातल्या आर्यनांनी कॉलर ताठ करू नये, त्यांचं नाव संस्कृत 'आर्य'वरून आलंय.)

मूळ ग्रीक नाव आरिआद्नी. 'आरि' म्हणजे अतिशय आणि 'आद्नोस' हे 'पवित्र' या अर्थाच्या 'हाग्नोस'चं क्रीट बेटावरच्या बोलीतलं रूप, असं सहसा मानतात. थोडक्यात, परमपवित्र. फ्रेंचांनी मधला 'द' गाळून टाकला.

ही क्रीटच्या मिनोस राजाची मुलगी. राजाने डीडॅलस नावाच्या कारागिराकडून (इंजिनिअरच म्हणा ना!) भुलभुलैया बांधून घेतला आणि आत बैलाच्या तोंडाचा नरभक्षक मिनोटॉर ठेवला. त्याला मारायला अथेन्सचा थीसियस आला. त्याची अडचण अभिमन्यूचीच : आत जाता येईल, पण बाहेर? आरियानने त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. टोक दाराशी बांधायचं, दोरा सोडत जायचं, त्याच दोऱ्याने परत यायचं. डेटा स्ट्रक्चर्समध्ये आपण जे बॅकट्रॅकिंग घोकतो, ते हेच! फ्रेंचमध्ये वेबसाइटवरच्या 'होम > विभाग > पान' या ओळीला आजही 'आरियानचा धागा' म्हणतात.

एवढं करून त्या पठ्ठ्याने काय केलं? तिला नॅक्सोस बेटावर झोपेत सोडून निघून गेला! पुढे डायोनिसस देवाने तिच्याशी लग्न केलं. तिचा मुकुट म्हणजे आकाशातला उत्तर मुकुट तारकासमूह, अशी कथा आहे. तेव्हा रॉकेटला हे नाव शोभतं खरं.

पण ४ जून १९९६ला एरियन-५चं पहिलंच उड्डाण चाळीसेक सेकंदात फुटलं, सोबत चार क्लस्टर उपग्रहही गेले. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची फ्लोटिंग संख्या १६ बिटांच्या इंटिजरमध्ये कोंबली जात होती. तिथे ३२७६७च्या पुढे जागाच नाही. ओव्हरफ्लो झाला आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम, त्यामुळे तीही आधीच गेलेली. गंमत म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर एरियन-५ला लागतच नव्हता, एरियन-४मधून तसाच उचलला होता.