आयरिश 'लिस' : एका लोकश्रद्धेच्या दोन बाजू

आयर्लंडच्या शेतशिवारात मातीच्या वर्तुळाकार बांधाने वेढलेल्या, झाडाझुडपांनी भरलेल्या जागा ठिकठिकाणी आढळतात. आयरिश भाषेत त्यांना 'राथ' अथवा 'लिस' म्हणतात. राथमाइन्स, लिस्मोर अशा स्थलनामांत हे शब्द टिकून आहेत. सुमारे ४५,००० जागांची नोंद झाली असून, पुरातत्त्वज्ञांच्या मते त्या बहुतांशी इ. स. ५०० ते १००० या काळातील शेतकरी कुटुंबांच्या बंदिस्त वस्त्या होत. लोकमानसात मात्र त्या भूमीखाली राहणाऱ्या एका अदृश्य जमातीची घरे आहेत.

या जमातीस मराठीत 'परी' म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. आपल्या कल्पनेतील परी पंखांची सुंदरी आहे. ही मंडळी गुरे राखतात, आपसांत लढतात आणि अपमानाचा सूड घेतात. त्यांचा उल्लेख 'भले लोक' असा करण्याची रीत आहे. रात्री सापाचे नाव न घेता आपण त्यास 'लांबडे' म्हणतो, त्याच जातीचा हा भाषिक संकोच होय.

१९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा आयोगाच्या योजनेखाली लिहून काढल्या. त्यांत लिसविषयीच्या कथांची घडण बहुधा ठरावीक आहे : कोणी बांध फोडतो किंवा तेथील झाड तोडतो, मग त्याची गुरे मरतात वा तो स्वतः अंथरुणाला खिळतो. ही 'आटपाट नगरातली' कहाणी नव्हे. शेत ओळखीचे, माणूसही ओळखीचा. म्हणूनच तिचा धाक चालतो. या धाकामुळे असंख्य लिस नांगरापासून वाचले. आपल्या देवराईचे स्मरण येथे होईल. परंतु देवराईत देवाची पूजा असते, लिसपाशी केवळ अंतर राखले जाते.

तथापि या श्रद्धेकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य नव्हे. मार्च १८९५ मध्ये टिपरेरी काउंटीतील बॅलिव्हाडली येथे ब्रिजेट क्लिअरी या आजारी तरुणीस, ती खरी ब्रिजेट नसून 'त्या लोकांनी' ठेवलेली बदली आहे असे म्हणत, तिच्या पतीने जाळले. त्या वेळी घरात नातलग उपस्थित होते. खरी पत्नी जवळच्या लिसमधून पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल, असे तो सांगत होता. न्यायालयाने त्यास सदोष मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची शिक्षा दिली.

जी कथा बांधाचे रक्षण करते, तीच एका स्त्रीला माणूसपणातून वगळण्याची भाषाही पुरविते. ब्रिजेट शिवणकाम करून स्वतः कमावणारी होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून लोककथेच्या अभ्यासकाने आशयबंधांची वर्गवारी करून थांबू नये. ती कथा कोण, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी सांगतो, हा प्रश्न आधी विचारावा. आपल्याकडील भूतबाधेच्या आणि चेटकिणीच्या कथांनाही तो तितकाच लागू आहे.